गुलाबी मिठाच्या बरणीत आयोडीन किती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका शहरातून ३२ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. घरात नवरा, सासू-सासरे आणि त्या. घर शाकाहारी, अंडंही चालत नाही. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं बीपी वाढलेलं निघालं, तेव्हा सासूबाईंनी पाकिटातलं मीठ बंद केलं आणि सगळ्या स्वयंपाकाला गुलाबी सैंधव सुरू केलं. सासूबाईंना स्वतःला थायरॉईडची गोळी आहे आणि ‘या आयोडीनच्या मिठानंच घरोघरी थायरॉईड शिरला’ असं त्यांचं ठाम मत आहे. ताईंनी वजनासाठी वर्षभरापूर्वी दूध सोडून बदामाचं दूध धरलं. आता बाळाचा विचार आहे म्हणून तपासण्या केल्या, तर थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच ५.८, म्हणजे किंचित वाढलेलं, आलं. नणंदेनं ‘नैसर्गिक आयोडीन’ म्हणून केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, कॅप्सूल मागवून दिल्या आहेत. त्या विचारतात: मीठ परत बदललं की टीएसएच आपोआप खाली येईल ना? कॅप्सूल घेऊ का? आणि सासूबाईंचं मन न दुखवता हे करायचं कसं?

ताई, आधी निर्णय सांगतो, कारणं मागून. स्वयंपाकाचं मीठ आजच आयोडीनयुक्त करा. केल्पच्या कॅप्सूल तशाच बंद राहू द्या. आणि टीएसएच ५.८ चं कारण मिठातच दडलंय असं धरून बसू नका. त्याचा तपास वेगळा आहे आणि मीठ बदललं म्हणून तो पुढे ढकलायचा नाही.

‘आपोआप खाली येईल ना?’ या प्रश्नापासूनच सुरुवात करू. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीनं थायरॉईडला दिलेला हुकूम असतो. थायरॉईड कमी काम करायला लागली की हुकूम वाढतो. ती कमी काम का करते याची कारणं अनेक. कच्चा माल, म्हणजे आयोडीन, कमी पडणं हे त्यातलं एक. पण आयोडीनयुक्त मीठ सर्रास वापरात असलेल्या भागांत जास्त आढळणारं कारण वेगळंच आहे: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते. याला हाशिमोटो म्हणतात, आणि त्यात घराण्याचा वाटा मोठा असतो. तुमच्या आई-मावश्यांपैकी, बहिणींपैकी कुणाला थायरॉईड आहे का, हे विचारून ठेवा. सासूबाईंच्या आजाराचा तुमच्या रिपोर्टशी रक्ताचा काही संबंध नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाऊन टीएसएच पुन्हा, सोबत फ्री टी-फोर (थायरॉईडचं संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीची खूण) या तपासण्या करून घ्या. एरवी असं किंचित वाढलेलं टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बघतात, कारण बऱ्याच जणांचं ते स्वतःहून खाली आलेलं असतं. तुमचं तसं नाही. मूल हवं आहे, तर डॉक्टरांची भेट आत्ताच घ्या आणि थांबायचं की छोट्या डोसची गोळी सुरू करायची हे त्यांना ठरवू द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. त्यांनी थायरॉईडचे आकडे चुकतात, आणि लॅबवाले हे विचारतातच असं नाही. लघवीतल्या आयोडीनची तपासणी कुणी सुचवली तर तिच्यावर पैसे घालवू नका. ती हजारो लोकांच्या नमुन्यांवरून एखाद्या भागाची स्थिती समजायला उत्तम आहे, पण एका माणसाचा आकडा काल काय खाल्लं आणि आज किती पाणी प्यायलं यावर रोज हलतो.

आता मिठाकडे. आयोडीनचं काम शरीरात जवळजवळ एकच: थायरॉईडची संप्रेरकं बनवणं. टी-फोर आणि टी-थ्री या नावांतले चार आणि तीन म्हणजे त्या रेणूंतले आयोडीनचे अणूच. शरीरात एकूण आयोडीन १५ ते २० मिलिग्रॅम, त्यातलं बहुतांश थायरॉईडमध्ये साठलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ९०, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला १२०, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. सत्तर वर्षांचं सगळं आयोडीन एकत्र केलं तरी चार ग्रॅम भरत नाही. पण ते एकदाच घेऊन भागत नाही, थोडंथोडं रोज यावं लागतं. म्हणूनच ते मिठात घातलं: श्रीमंत-गरीब सगळे खातात, रोज खातात, आणि कुणी वाटीभर खात नाही.

गरोदरपणातला २५० चा आकडा नुसत्या ‘दोन जिवां’चा हिशोब नाही. पहिले साधारण बारा आठवडे बाळाची थायरॉईड कामाला लागलेली नसते. त्या काळात त्याच्या मेंदूची जडणघडण आईच्या टी-फोरवर चालते. म्हणजे आईच्या ग्रंथीला एकदम जास्त उत्पादन करावं लागतं, आणि बाळ आहे हे कळेपर्यंत पाच-सहा आठवडे कधीच उलटून गेलेले असतात. तेव्हा मीठ बदलून उपयोग होतो, पण उशीर झालेला असतो. ग्रंथीतला साठा गर्भ राहण्याआधी भरलेला हवा, निदान तीन महिने आधीपासून. दोन वर्षं सैंधव आणि एक वर्ष बदामाचं दूध, म्हणजे तुमचा साठा उतरलेला असण्याची शक्यता बरीच आहे. घाबरायचं कारण नाही. हे भरून येणारं आहे आणि तुम्ही वेळेत विचारलंय.

सासूबाईंचा पहिला मुद्दा असा असणार: सैंधव नैसर्गिक, त्यात सगळी खनिजं असतात, मग आयोडीनही असणारच. समुद्राच्या मिठाबद्दल तर हा समज शिकलेल्या माणसांतही पक्का आहे. गणित करून बघा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार आणि ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. समजा, ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं, तरी एका ग्रॅम मिठात १.७ मायक्रोग्रॅम झालं. पाच ग्रॅम मीठ खाल्लं तर साडेआठ. हवं होतं १५०. प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही, कारण मिठागरात मिठाचे खडे धरतात तेव्हा आयोडीन बरंचसं मागे उरलेल्या पाण्यातच राहतं. त्यामुळे उरणच्या मिठागरातलं ताजं खडेमीठ असो की गोव्याचं, वरून आयोडीन घातलेलं नसेल तर ते या बाबतीत रिकामंच.

गुलाबी सैंधव, आपलं शेंदेलोण, २०२५ पर्यंत आपल्याकडे मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतून यायचं. तोही एका आटलेल्या समुद्राचाच थर आहे, तेव्हा हिशोब तोच. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पण त्या लोहावर हिमोग्लोबिन वाढवायचं म्हटलं तर त्याआधी बीपीच हाताबाहेर जाईल! चौऱ्याऐंशी खनिजांची जी यादी फिरते तिच्यातलं प्रमाण कुणी सांगत नाही. बहुतेक खनिजं असून नसल्यासारखी असतात, आणि त्या यादीत शिशासारखी, खायला नको अशीही नावं निघतात. पादेलोणाचंही हेच. चवीला, चाटवर, ताकात खुशाल घ्या, पण त्याला औषध समजू नका.

दुसरा मुद्दा जास्त चिवट: आयोडीनच्या मिठानं थायरॉईड वाढला. हा थेट खोडून काढता येत नाही, कारण त्यात तथ्याचा एक कण आहे. जिथे लोकांना आयोडीन कमी मिळत होतं तिथे ते वाढवल्यावर प्रतिकारशक्तीशी संबंधित थायरॉईडचे आजार थोडे वाढलेले दिसतात. डेन्मार्कमध्ये १९९८ मध्ये ऐच्छिक आणि २००० मध्ये सक्तीनं मिठात आयोडीन आलं, आणि त्यानंतर मंद थायरॉईडच्या नव्या रुग्णांचं प्रमाण वाढल्याचं तिथल्या संशोधकांनी स्वतःच नोंदवलं. हा सौदा आहे, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघायला हवं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून प्रा. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही गावांना साधं मीठ आणि काही गावांना आयोडीनचं मीठ पुरवलं. काही वर्षांत आयोडीनच्या भागातल्या शाळकरी मुलांचे गलगंड झपाट्यानं कमी झाले. त्या कामावर १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. गलगंड डोळ्यांना दिसतो तरी. न दिसणारी हानी मुलांच्या बुद्धीची, ऐकण्या-बोलण्याची असते, आणि पोटात असताना झालेलं ते नुकसान पुढे कितीही मीठ खाऊन भरून येत नाही. मंद थायरॉईडवर मात्र रोज एक स्वस्त गोळी पुरते. कुठलं पारडं जड आहे हे बाळाचा विचार करणाऱ्या घराला सांगावं लागू नये.

शिवाय घरोघरी थायरॉईड दिसतो, त्यामागे आणखी एक साधी गोष्ट आहे. तीस वर्षांपूर्वी टीएसएच कोण करून घेत होतं? आता ते प्रत्येक ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये असतं.

सासूबाईंच्या स्वतःच्या गोळीबद्दल: त्या जर थायरॉक्सिन घेत असतील, तर त्यांना संप्रेरक तयार मिळतंय. नेहमीच्या प्रमाणातल्या आयोडीनच्या मिठानं त्यांचं काही बिघडत नाही, आणि सैंधवानं गोळी सुटतही नाही. डोस वरखाली होत असेल तर बहुतेक वेळा दोष घेण्याच्या पद्धतीत असतो. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, मग अर्धा ते एक तास चहाही नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास. या वयात गुडघ्यांसाठी कॅल्शियम सुरू असतंच आणि ते सकाळीच ‘सगळ्या गोळ्या एकदम’ म्हणून गिळलं जातं. घरी हे तपासा. तुम्ही त्यांच्या गोळीची काळजी घेतलीत, तर मिठाचा विषयही सोपा होईल. वाढलेल्या थायरॉईडच्या, म्हणजे हायपरच्या, रुग्णांनी आणि गळ्यात जुन्या गाठी असलेल्या वयस्कर माणसांनी मात्र आयोडीनचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आता तुमचं ताट. भारतात आयोडीनयुक्त मीठ तुमच्या हाती पडेल तेव्हा त्यात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं. पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये तितके मायक्रोग्रॅम. हे प्रमाण माणूस रोज दहा ग्रॅम मीठ खातो असं धरून बसतं: दहा गुणिले पंधरा, दीडशे. पण मीठ खायला हवं रोज पाच ग्रॅमच्या आत. पाच ग्रॅमला १५ पीपीएमनं ७५ मायक्रोग्रॅम, त्यातलं साधारण पाचवा भाग शिजवण्यात जातो, राहिले ६०. पाकिटात ३० पीपीएम असेल तर १२०. म्हणजे मीठ कमी खाणाऱ्या घरात उरलेलं आयोडीन दुसरीकडून यायला हवं, आणि शाकाहारी घरात ते येतं दूध, दही, ताक यांतून. मासे खाणाऱ्यांना समुद्राची मासळी आहे. अंडं चालत असेल तर एका अंड्याच्या बलकातून पंचवीसेक मायक्रोग्रॅम मिळतं. तुमच्याकडे या दोन्ही वाटा बंद.

म्हणून तुमच्या पत्रात मिठाइतकीच खटकली ती बदामाच्या दुधाची ओळ. बदामाच्या किंवा सोयाच्या दुधात आयोडीन नसल्यातच जमा, वरून घातलं असेल तरच, आणि मग ते डब्यावर लिहिलेलं असतं. गाई-म्हशीच्या दुधातलं आयोडीन चाऱ्या-पेंडीनुसार बदलतं, पण ते रोज पोटात जातं हे महत्त्वाचं. वजनाची काळजी असेल तर साय काढलेलं गाईचं दूध घ्या. आयोडीन मलईत नसतं, ते दुधातच राहतं. दिवसाला एक मोठा ग्लास दूध आणि एक वाटी दही एवढं परत सुरू झालं तर मिठाएवढाच फरक पडेल. दूध पचतच नसेल तर दही-ताकावर भर द्या. बहुतेकांना ते चालतं.

कोबी, फ्लॉवर, मोहरी, सोयाबीन थायरॉईडला ‘चालत नाहीत’ असं ऐकलं असेल. या भाज्यांतले घटक थायरॉईडला आयोडीन उचलू देत नाहीत हे खरं, पण शिजवल्यावर त्यांचा जोर पुष्कळ उतरतो, आणि आयोडीन पुरेसं असेल तर आठवड्यातून दोनदा कोबीची भाजी खाऊन काही होत नाही. मराठवाड्यातल्या घरात खरा प्रश्न बाजरीचा विचारायला हवा. बाजरीतले फ्लेव्होनॉइड थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात आणि ते भाकरी भाजल्यानं जात नाहीत. जिथे माणसं तिन्हीत्रिकाळ बाजरीच खातात आणि आयोडीनही कमी असतं, अशा सुदानच्या भागात गलगंडाशी तिचा संबंध दिसलाय. हिवाळ्यातली बाजरीची भाकरी सोडू नका. ज्वारी-गव्हाशी आलटून-पालटून खा, मीठ आयोडीनचं ठेवा, बस. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर तो धूर बाजरी-कोबीपेक्षा वाईट. त्यातला थायोसायनेट नेमकं आयोडीनच अडवतो.

बीपीसाठी सैंधव, हा सगळ्या गोष्टीचा उगम, त्याकडे येऊ. सैंधव हे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. बीपी सोडियमनं वाढतं, आणि ग्रॅमला ग्रॅम दोन्हींत ते सारखंच. उलट जाडसर मीठ चमच्यात कमी मावतं, अळणी लागतं, म्हणून आणखी चिमूट पडते. यजमानांसाठी मीठ बदलण्यापेक्षा मिठाचं वजन बदला. त्यासाठी तराजू नको, पाकिटावर तारीख लिहा. चार मोठी माणसं, माणशी पाच ग्रॅम, म्हणजे दिवसाला वीस ग्रॅम: एक किलोचं पाकीट पन्नास दिवस पुरायला हवं. महिनाभरातच संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर चाललंय, आणि त्यात बाहेरचं फरसाण, पापड, विकतचं लोणचं धरलेलंच नाही. कमी करायला सुरुवात भाजीपासून करू नका, लगेच ओरड होते. भात शिजवतानाचं मीठ, कणकेतलं मीठ, ताकातलं मीठ, आणि ताटात डाव्या बाजूला वाढतात ते मीठ ही चार आधी बंद करा. पंधरा दिवसांत जीभ सरावते.

कमी सोडियमचं मीठ हा बीपीसाठी खरंच उपयोगी पर्याय आहे. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या सुरू असतील, तर रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. त्यामुळे यजमानांच्या डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारा. सासऱ्यांचंही विचारा, मीठ घरात एकच असतं. घ्यायचं ठरलं तर पाकिटावर ‘आयोडाइज्ड’ आहे ना हे बघूनच घ्या, आणि गरोदरपणात तुमच्यासाठी ते चालेल का तेही डॉक्टरांना विचारा.

पाकीट कुठलं? कुठल्याही कंपनीचं, ज्यावर ‘आयोडाइज्ड’ लिहिलंय आणि उत्पादनाची तारीख जवळची आहे. थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं साधं मीठ विकायला १७ मे २००६ पासून देशभर बंदी आहे, तरी २०१८-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ७६.३ टक्के घरांतल्याच मिठात १५ पीपीएम किंवा जास्त आयोडीन सापडलं. गळती होते ती गोणीतल्या सुट्या मिठात, बाजारात उघड्यावर ठेवलेल्या खडेमिठात, आणि आपल्या स्वयंपाकघरातही. खडेमीठ आणून धुवायची पद्धत असेल तर आयोडीन मोरीत गेलं. बरणी घट्ट झाकणाची हवी, गॅसच्या शेगडीपासून आणि उन्हापासून दूर, आत ओला चमचा नको. वर्षाचं मीठ एकदम भरू नका. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. ते आपल्या दमट हवेत पोटॅशियम आयोडाइडपेक्षा चांगलं टिकतं, म्हणून शेवटी वरूनच मीठ घाला वगैरे अट पाळता आली तर उत्तम, नाही पाळली तरी आमटीचं बहुतेक आयोडीन आमटीतच राहतं. डाळ-भाजी उकडलेलं पाणी मात्र ओतून देऊ नका.

बटाट्यावर मीठ टाकून लिंबू पिळायचं आणि निळा रंग बघायचा, असा एक प्रयोग फिरतो. रंग आला नाही म्हणून घाबरू नका. आयोडेट नुसत्या स्टार्चबरोबर निळं होत नाही, त्यातून आयोडीन मोकळं करणारं आणखी काही लागतं. शंका असेल तर आशाताईंकडे मीठ तपासायचा छोटा संच मिळतो का विचारा. त्याच्या थेंबानं मिठात आयोडीन आहे की नाही हे नीट दिसतं. नेमकं किती, ते प्रयोगशाळेतच कळतं.

आणि हो, ‘पाकिटातल्या मिठात सायनाइड असतं’ हा निरोपही तुमच्या घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, किलोला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. त्यातलं सायनाइड लोहाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात ते सुटत नाही. पाच ग्रॅम मिठातून ते ०.०५ मिलिग्रॅम जातं, आणि आयुष्यभर रोज घ्यायला निर्धोक मानलेली मर्यादा साठ किलोच्या माणसाला दीड मिलिग्रॅम आहे. तरी मन मानत नसेल तर आयोडीनयुक्त खडेमीठ मिळतं. ते मिक्सरमध्ये कोरडंच फिरवून बरणीत भरा.

आता कॅप्सूल. केल्प आयोडीन साठवून ठेवतं आणि ते किती साठवलंय हे जातीवर, समुद्रावर, महिन्यावर अवलंबून. त्यामुळे एका कॅप्सूलमध्ये १५० मायक्रोग्रॅम, दुसरीत हजार, असंही होतं, आणि आर्सेनिकसारखी नको ती धातुद्रव्यंही सोबत येऊ शकतात. दोन वर्षं उपाशी असलेल्या थायरॉईडवर एकदम आयोडीनचा लोंढा सोडला तर ती दोन्हींपैकी काहीही करू शकते: भडकते किंवा ठप्प होते. अँटी-टीपीओ वाढलेलं निघालं तर ठप्प होण्याचा धोका जास्त, आणि पोटातल्या बाळाच्या ग्रंथीला तर तो झेपतच नाही. गरोदरपणात सगळं मिळून रोज ५०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. याहून भयंकर म्हणजे ल्यूगोलच्या आयोडीनचे थेंब पाण्यातून घ्यायचा सल्ला. पाच टक्के द्रावणाच्या एकाच थेंबात साधारण ६,२५० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे चाळीस दिवसांहून जास्त दिवसांचं एका घोटात.

पूरक गोळी मुळीच नको असं नाही. गरोदरपणाच्या आधीपासून घ्यायच्या काही मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. मीठ कमी आणि दूध जमत नाही अशा शाकाहारी बाईला ती उपयोगी पडते. डॉक्टरांना नेमकं हे विचारा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीत आयोडीन नसतं, त्यामुळे ‘मी गोळ्या घेतेय’ म्हणून निश्चिंत राहू नका. फॉलिक ॲसिड मात्र आत्तापासूनच सुरू करा. आणि तुम्हाला थायरॉक्सिन सुरू झालं तर वेगळ्या आयोडीनच्या गोळीची बहुधा गरज पडत नाही.

सासूबाईंशी बोलताना ‘तुमचं चुकलं’ इथून सुरू झालं की संपलंच. त्यांनी मीठ बदललं ते लेकाच्या काळजीनं. बोलणं बीपीवरून नको, नातवंडावरून होऊ दे: बाळाच्या मेंदूला पहिले तीन महिने हे लागतं, आणि ते सैंधवात नाही. शक्य असेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या आणि मिठाचा प्रश्न त्यांच्याच तोंडून विचारला जाऊ द्या. उपासाला, ताकाला, घसा धरल्यावर गुळण्यांना शेंदेलोण राहू दे, फक्त वेगळ्या, लहान बरणीत. दोन्ही मिठं निम्मी-निम्मी मिसळायचा मधला मार्ग निघेल, तो घेऊ नका. आयोडीनही निम्मंच होतं. आणि ‘सुनेची भाजी वेगळी’ हेही नको. सासू-सासऱ्यांना आणि नवऱ्यालाही आयोडीन लागतंच.

इंग्लंड-अमेरिकेतून असंच विचारणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये दुकानातलं बहुतेक मीठ आयोडीनविना असतं, तिथे आयोडीन मुख्यतः दुधातून मिळतं, तेव्हा ओटच्या दुधावर गेलेल्या मराठी घरांनी डबा वाचावा. अमेरिकेत आयोडाइज्ड आणि साधं मीठ शेजारीशेजारी असतं. कोशर मिठात आणि ‘सी सॉल्ट’मध्ये ते सहसा नसतंच.

आयोडीनचं मीठ ठरवून थांबवायची वेळ एकच: थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीनचे उपचार किंवा स्कॅन ठरला असेल, तर आधीचे एक-दोन आठवडे, तेही डॉक्टर सांगतील तेव्हाच. अशा उपचारानंतर गर्भधारणा किती महिने टाळायची हेही त्यांनाच विचारायचं.

आणि घरच्या चाचणीत दोन रेषा दिसल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच आठवड्यात टीएसएच करा. गोळी सुरू असेल तर डोस बहुधा पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद न करता डॉक्टरांना लगेच फोन करा. त्यानंतर निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी.